तहान, मीठ आणि बीपीची गोळी

विहाराच्या व्हरांड्यात बीपीचे मशीन घेऊन बसलो की आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "बीपी तर आता नॉर्मल आलं, मग गोळी बंद करू का?" विचारणाऱ्या कधी मावशी असतात, कधी काका, कधी रोजंदारीवर जाणारा तिशीतला तरुण. "नका करू" म्हणून आम्ही सांगतो, पण तेवढ्याने समोरच्याचे समाधान होत नाही. ताप गेला की तापाची गोळी थांबवतो, मग हीच का थांबवायची नाही? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपले शरीर पाणी आणि मीठ कसे सांभाळते यात दडलेले आहे. म्हणून या वेळी तेच समजून घेऊ.

सुरुवात तहानेपासून करू. तहान म्हणजे काय हे आपल्या समाजाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. तरीही एक हकीकत समोर ठेवावीशी वाटते, कारण ती आपल्याच जिल्ह्यातली आहे आणि बाबासाहेबांनी ती स्वतः लिहून ठेवली आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, दाखल झाले. पुढच्या वर्षी, १९०१ साली, उन्हाळ्याच्या सुट्टीत हा नऊ-दहा वर्षांचा मुलगा थोरला भाऊ आणि बहिणीच्या मुलांबरोबर वडिलांकडे निघाला. वडील रामजी तेव्हा खटाव तालुक्यात रोखपाल होते. दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून सरकारने तिथे तलाव खोदायला काढला होता, त्या कामावर.

मुले रेल्वेने मसूर स्टेशनवर उतरली. न्यायला कोणी आले नव्हते. जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. बैलगाडीवान दुप्पट भाड्यावर तयार झाला, तेही मुलांनी गाडी हाकायची आणि आपण बाजूने पायी चालायचे या अटीवर. डबा भरलेला होता, पाणी मात्र नव्हते. वाटेत जे दिसले ते चिखलाचे, जनावरांच्या मूत-शेणाने नासलेले. रात्री टोलनाक्यावर "आम्ही मुसलमान" असे सांगूनही पाणी मिळाले नाही. मुले तशीच उपाशी झोपली आणि दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मुक्कामी पोचली. तलाव खोदण्याच्या कामावर पैशांचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाची ही मुले!

डबा जवळ असून मुलांना जेवता का आले नाही? घास गिळायला लाळ लागते आणि लाळ म्हणजे मुख्यतः पाणीच. अंगात पाणी कमी पडू लागले की शरीर पहिली काटकसर तिथे करते. शिवाय अन्नातले मीठ रक्तात गेले की तहान आणखी भडकते. त्या रात्री त्या मुलांच्या शरीरात जे घडत होते तेच, कमी-अधिक प्रमाणात, आज उसाच्या फडात किंवा वीटभट्टीवर दुपारी दोन वाजता आपल्या माणसांच्या शरीरात घडत असते.

शरीराचे पाटकरी

कॅनॉलच्या पाण्यावर शेती करणाऱ्या भागात पाटकरी सगळ्यांना ठाऊक असतो. पाणी किती सोडायचे, कोणत्या चारीला द्यायचे, केव्हा बंद करायचे, हे तो पाहतो. शरीरातही असे पाटकरी आहेत. त्यांना हार्मोन म्हणतात, पाठ्यपुस्तकात संप्रेरके. एका ग्रंथीतून किंवा अवयवातून निघून रक्तातून दुसरीकडे जाणारे हे निरोप असतात.

पहिला पाटकरी मेंदूच्या तळाशी बसतो. रक्त किती दाट झाले आहे हे तिथल्या पेशी सतत तपासत असतात. शंभरात एक-दोन टक्क्यांचा फरक पडला तरी त्यांना कळतो. लगेच दोन गोष्टी होतात. एक, आपल्याला तहान लागते. दोन, पीयूषिका ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन नावाचे हार्मोन रक्तात सुटते. ते किडनीला सांगते, पाणी बाहेर सोडू नकोस, परत आत घे. आपल्या दोन किडन्या दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात, म्हणजे दहा-बारा हंडे. त्यातले दीड लिटरच्या आसपास लघवी होऊन बाहेर जाते, बाकी सगळे परत घेतले जाते. व्हॅसोप्रेसिन जोरात असले की हीच लघवी अर्ध्या लिटरपर्यंत खाली येते आणि गडद पिवळी होते. संध्याकाळी कामावरून आल्यावर लघवी हळदीच्या पाण्यासारखी दिसली, तर दिवसभर हा पाटकरी राबत होता असे समजावे.

दुसरा पाटकरी खुद्द किडनीत आहे आणि बीपीच्या दृष्टीने तो जास्त महत्त्वाचा. किडनीत येणाऱ्या रक्ताचा दाब कमी झाला की ती रेनिन नावाचा पदार्थ सोडते. हा पदार्थ स्टॉकहोममध्ये टायगरस्टेट आणि बर्गमन या दोघांनी १८९८ साली सशाच्या किडनीतून शोधला, म्हणजे मसूरच्या त्या प्रवासाच्या तीनच वर्षे आधी. रेनिन एकटे काही करत नाही. यकृतात तयार झालेले एक प्रथिन रक्तात फिरत असते, त्याचा तुकडा ते तोडते. त्या तुकड्याला मुख्यतः फुप्फुसातली एक कात्री आणखी छाटते. मग जे उरते त्याचे नाव अँजिओटेन्सिन.

हे नाव लक्षात ठेवण्यासारखे आहे. अँजिओटेन्सिन रक्तवाहिन्या आवळते. नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाण्याची धार जोरात येते, तसा दाब वाढतो. ते मेंदूला सांगून तहान लावते. शिवाय किडनीच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथीकडून अल्डोस्टेरॉन नावाचे आणखी एक हार्मोन सोडायला लावते. अल्डोस्टेरॉनचे काम एकच, मीठ अडवणे. जिथे मीठ थांबते तिथे पाणीही थांबते. अंगात पाणी राहिले की रक्त भरते आणि दाब टिकतो.

त्या मुलांना त्या रात्री तगवले ते या साखळीने. थेंब थेंब पाणी आणि कण कण मीठ तिने अडवून धरले. ही साखळी प्रत्येक माणसात तीच आहे. 'आपल्या लोकांचं रक्तच वेगळं, म्हणून बीपी' असे कोणी म्हणाले तर ऐकू नका. किडनी जात पाहून काम करत नाही. फरक असतो तो कामाचा, ताटाचा, झोपेचा आणि वेळेवर तपासणी होते की नाही याचा.

उलट दिशेने काम करणारा पाटकरी हृदयात आहे. रक्त फार भरून हृदयाचे कप्पे ताणले गेले की ते स्वतःच एक हार्मोन सोडते आणि किडनीला मीठ-पाणी बाहेर टाकायला सांगते. हृदय म्हणजे नुसता पंप, असे फार काळ मानले जात होते. ते हार्मोनही बनवते हे १९८१ साली कळले. पण अडवणाऱ्या साखळीपुढे या पाटकऱ्याचा जोर कमी पडतो.

बीपी वाढते ते कसे

ही सगळी व्यवस्था टंचाईत जीव वाचवते. आज पाणी सगळीकडे मुबलक आहे असे आम्ही म्हणणार नाही. माण, खटाव, जत, आटपाडीच्या लोकांना तसे सांगणे म्हणजे थट्टा होईल. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले त्याला फार वर्षे झाली नाहीत, २०१६ सालची गोष्ट. पण मीठ मात्र नक्कीच मुबलक झाले आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला माणशी ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे साधारण एक सपाट चमचा, आणि त्यात दिवसभराचे सगळे आले. आपल्याकडे सहज त्याहून कितीतरी जास्त पोटात जाते.

रोज जास्त मीठ आले की ते बाहेर टाकायला किडनीला जास्त दाब लागतो. वय, वजन, मधुमेह, घराण्यातला कल, तंबाखू, सततची काळजी हे सगळे त्यात मिसळते. बहुतेकांच्या बीपीला एकच एक कारण सापडत नाही. पण रक्तवाहिन्या आवळणे आणि मीठ अडवणे हे दोन धागे त्यात बहुधा असतातच. जिथे साखळी ढिली पडायला हवी तिथे ती पुरेशी ढिली पडत नाही. आकडा १४०/९० किंवा त्याच्या वर वारंवार येऊ लागतो. दुखत काहीच नाही, आणि हीच खरी अडचण आहे. एवढ्या दाबाने मेंदूच्या, डोळ्यांच्या, किडनीच्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू खराब होत असतात आणि माणूस कामावर जात असतो.

आता गोळीचा पत्ता लागतो. तुमच्या पाकिटावरचे नाव वाचून पाहा. शेवटी 'सार्टन' असेल, म्हणजे टेल्मिसार्टन, लोसार्टन, तर ती गोळी अँजिओटेन्सिनला रक्तवाहिनीच्या दारावरच अडवते. शेवटी 'प्रिल' असेल, म्हणजे एनालाप्रिल, रामिप्रिल, तर ती मघाची कात्रीच बोथट करते. हिने काहींना कोरडा खोकला लागतो. तो डॉक्टरांना सांगितला तर गोळी बदलून मिळते. अॅम्लोडिपिन हार्मोनच्या वाटेला जात नाही, रक्तवाहिनीच्या स्नायूला सैल करते. तिने काहींच्या घोट्यावर सूज येते. क्लोरथॅलिडोन मीठ-पाणी लघवीतून बाहेर काढते.

'प्रिल'ची कूळकथा ऐकण्यासारखी आहे. ब्राझीलमध्ये जराराका नावाचा विषारी साप आहे. तो चावला की माणसाचा रक्तदाब कोसळतो. त्याच्या विषातले काही घटक ही कात्री अडवतात असे दिसले, त्यावरून शास्त्रज्ञांनी कॅप्टोप्रिल तयार केले आणि १९८१ मध्ये अमेरिकेत ते वापरात आले. बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीला गर्दी करणाऱ्या आपल्या भागातल्या मुलांना ही गोष्ट जरूर सांगा. सापाला हात न जोडता त्याचा अभ्यास केल्याने काय मिळाले ते त्यांना कळेल.

तर मावशींच्या प्रश्नाचे उत्तर असे. यातली कोणतीही गोळी रेनिन किंवा अँजिओटेन्सिन कायमचे संपवत नाही. ती फक्त दार अडवून उभी असते, साधारण एक दिवस. आत साखळी चालूच असते. 'सार्टन' आणि 'प्रिल' चालू असताना तर किडनी रेनिन थोडे जास्तच सोडते. गोळी थांबली की दार उघडते आणि काही दिवसांत आकडा जुन्या जागी जातो. बीपी नॉर्मल आले याचा अर्थ गोळी काम करते आहे. वजन उतरले, मीठ-तंबाखू कमी झाले, तर काहींची गोळी कमी करता येते, पण ते डॉक्टरांनी मोजून ठरवायचे असते.

गोळी महाग म्हणून सुटत असेल तर एक माहिती. देशात २०१७ साली उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम सुरू झाला, त्याच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातले चार जिल्हे होते: सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा. ठरलेल्या मोजक्या गोळ्या, मोफत, एका वेळी महिनाभराच्या, आणि प्रत्येकाचे कार्ड, अशी त्याची साधी पद्धत आहे. सरकारी केंद्रात गोळ्या मिळणे हा आपला हक्क आहे. संपायच्या आठवडाभर आधी जा. कृष्णाकाठच्या वस्त्यांनी आणखी एक करावे, पावसाळ्यात गोळ्या आणि कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हाताशी ठेवावे. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीत घर सोडताना गोळ्यांकडे पाहायला कुणाला वेळ होता?

काही दिवस मात्र वेगळे असतात

जुलाब किंवा उलट्या जोरात लागल्या, काही पोटात टिकत नाही, लघवी कमी झाली, तर त्या दिवशी शरीराला तीच साखळी हवी असते जी आपण गोळीने अडवून ठेवली आहे. अशा वेळी 'सार्टन', 'प्रिल' किंवा लघवीची गोळी तशीच घेत राहिल्याने किडनीला इजा होऊ शकते. म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा केंद्रातल्या सिस्टरांना गोळीचे नाव सांगून विचारा. ते दोन-चार दिवस थांबवायला सांगतील, तर पुन्हा केव्हा सुरू करायची हेही विचारूनच निघा. ओआरएसचे पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. यापेक्षा जास्त मीठ नको. आणि हे पाणी आजारपणाचे आहे. बीपीच्या माणसाने उन्हात काम करतो म्हणून रोज मिठाचे पाणी पिऊ नये, साधे पाणी प्यावे.

याहून जास्त काळजी आम्हाला अंगदुखीच्या गोळ्यांची वाटते. ऊसतोडीनंतर, भांगलणीनंतर, हमालीनंतर दुकानातून एक गोळी आणायची आणि झोपायचे, हे घराघरात आहे. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्या किडनीकडे जाणारा रक्ताचा ओघ कमी करतात, मीठ अडवतात आणि बीपी चढवतात. त्यात दिवसभर पाणी कमी प्यालेले आणि वर 'सार्टन' व लघवीची गोळी चालू असेल, तर तिन्ही बाजूंनी किडनी कोंडीत सापडते. दुकानदाराला 'मला बीपीची गोळी चालू आहे' हे आधी सांगा. दुखणे रोजचे असेल तर दाखवून घ्या.

पाणी कमी पिण्याचे कारण नेहमी टंचाई नसते. "शेतात आडोसा नाही, म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाही," असे एका ताईंनी आम्हाला सांगितले, तेव्हा शेजारी बसलेल्या चौघींनी मान डोलावली. रोज असे केल्याने लघवीची जळजळ, जंतुसंसर्ग, मुतखडा मागे लागतो. आमच्याजवळ याला औषध नाही. कामाच्या जागी आडोसा आणि पिण्याचे पाणी मागणे हीच त्यावरची आरोग्यसेवा आहे. टोळीतल्या बायांनी मुकादमाकडे ते एकत्र मागावे.

ताटातले आणि पदराआडचे

मीठ कमी करा म्हटले की लोक भाजीतले मीठ कमी करतात आणि बाजूला खर्डा, लोणचे, पापड तसेच ठेवतात. सांगलीचा भडंग, फरसाण, वडापावबरोबरची तळलेली मिरची, खारे शेंगदाणे, हे सगळे मिठाचेच मार्ग आहेत. सुकट-बोंबील आपल्या घरचे आवडते कालवण. ते सोडा असे आम्ही म्हणणार नाही, प्रथिने त्यात भरपूर आहेत. पण करण्याआधी दोन-तीनदा कोमट पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्या आणि कालवणात वरून मीठ घालू नका. भाकरीच्या पिठात मीठ घालण्याची सवय असेल तर ती मोडा. जीभ महिनाभर कुरकुरते, मग सरावते. 'कमी सोडियमचे' मीठ बाजारात मिळते, त्यात पोटॅशियम असते. किडनीचा त्रास असलेल्यांनी किंवा 'सार्टन', 'प्रिल' चालू असलेल्यांनी ते विचारल्याशिवाय वापरू नये.

मिश्री ही आपल्याकडच्या बायकांची सवय, आणि तपासणीत ती कोणी सांगत नाही. ती भाजलेली तंबाखूच आहे. तिच्यातले निकोटिन अॅड्रेनलिन सोडायला लावते, ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात. बीपी मोजण्याआधी अर्धा तास मिश्री, चहा, विडी काही नको. खोकल्यासाठी ज्येष्ठमध चघळणे निर्धोक वाटते, पण रोज बरेच दिवस घेतल्यास त्यातला एक घटक अल्डोस्टेरॉनसारखा परिणाम घडवतो, मीठ अडवतो आणि बीपी चढते. झाडपाल्याचे म्हणून सगळे निरुपद्रवी नसते. दारू पहिल्या पाटकऱ्यालाच, व्हॅसोप्रेसिनला, गप्प बसवते. म्हणून प्यायल्यावर लघवी फार होते आणि सकाळी घसा कोरडा पडतो. पंचशील घेतलेल्या घराला याहून जास्त सांगायला नको.

ज्यांना साखरही आहे त्यांनी दुप्पट जपावे. बाबासाहेबांना मधुमेहाने शेवटची काही वर्षे किती पिडले हे आपण जाणतो. साखर आणि दाब दोन्ही मिळून किडनीची चाळणी खराब करतात. 'सार्टन' आणि 'प्रिल' गोळ्या या चाळणीवरचा दाब कमी करतात, म्हणून मधुमेह्यांना त्या पुष्कळदा दिल्या जातात. वर्षातून एकदा लघवीतले प्रथिन आणि रक्तातले क्रिएटिनिन तपासून घ्या.

शेवटी सुनांसाठी आणि लेकींसाठी. कमी वयात बीपी निघाले, गोळी चालू आहे आणि पाळी चुकली, तर वाट पाहू नका. 'सार्टन' आणि 'प्रिल' गोळ्या पोटातल्या बाळाच्या किडनीला बाधतात. गरोदरपणात चालणाऱ्या बीपीच्या गोळ्या वेगळ्या आहेत आणि त्या सरकारी दवाखान्यात मिळतात. त्याच दिवशी आशाताईंना सांगा, गोळीचे पाकीट बरोबर घेऊन केंद्रात जा आणि बदलून घ्या. पाचव्या महिन्यानंतर डोके फार दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंडावर किंवा हातांवर सूज चढली, तर रात्र असली तरी १०८ ला फोन लावा.